वाचकांचे प्रश्न : शाळेचे तास आणि शाळेतील शिस्त

सरकारी शाळांविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे दोन मागण्या एकत्रच दिसतात. मुले ऐकत नाहीत म्हणून शिस्त कडक करावी, ही एक. आणि मुले शाळेबाहेर भरकटतात म्हणून शाळेची वेळ वाढवावी, ही दुसरी. जिल्हा परिषद, नगरपालिका व महानगरपालिका यांच्या शाळांशी रोजचा संबंध असलेल्या वाचकांची पाच पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी गावातील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे. पहिली ते चौथीचे वर्ग, ४६ मुलांचा पट आणि दोन शिक्षक अशी आमची शाळा आहे. शाळा पाच वाजता सुटते, त्या वेळी बहुतेक आईवडील शेतात असतात आणि मुले दिवेलागणीपर्यंत पारावर मोबाइल पाहत बसतात किंवा भांडतात. शाळा सकाळी आठ ते संध्याकाळी सहा अशी भरवावी, असा ठराव आम्ही ग्रामसभेत मांडणार आहोत. काही जिल्हा परिषद शाळा अशाच दीर्घकाळ चालतात, असे आम्ही ऐकले आहे. समितीला तसा अधिकार आहे का, आणि त्यामुळे मुलांना शिस्त लागेल का? (एक पालक, जिल्हा अहिल्यानगर)

उत्तर : अधिकाराविषयी आधी सांगते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २१ नुसार स्थापन झालेल्या आपल्या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे आवश्यक आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि आलेल्या अनुदानाचा विनियोग पाहणे ही समितीची कामे आहेत. शाळेची अधिकृत वेळ मात्र केवळ समितीच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावाने बदलत नाही. तो ठराव मुख्याध्यापकांनी केंद्रप्रमुख व गटशिक्षणाधिकारी यांच्यामार्फत शिक्षण विभागाकडे प्रस्ताव म्हणून पाठवावा लागतो. त्यातही ‘सकाळी आठ’ हा भाग मंजूर होण्याजोगा नाही. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असा शासन निर्णय ८ फेब्रुवारी २०२४ रोजी निघालेला आहे. लहान मुलांची झोप पुरी होत नाही, हे त्यामागचे कारण होते आणि ते कारण खेड्यातील मुलांनाही तितकेच लागू आहे.

आता शिस्तीचा प्रश्न, ज्यासाठी आपण एवढा खटाटोप करीत आहात. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन सांगितले आहे, म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण २२० दिवस व १००० तास, म्हणजे दिवसाला साडेचार तासांहून थोडे अधिक आहे. साडेदहाच्या सुमारास भरून पाचला सुटणाऱ्या शाळेत परिपाठ, जेवण आणि सुट्ट्या वजा करूनही इतके तास घड्याळात बसतात. ते मुलांच्या वाट्याला खरोखर येतात का, हे आधी तपासले पाहिजे. चार वर्ग आणि दोन शिक्षक म्हटल्यावर कोणत्याही एका वर्गातील मुलाला गुरुजींचे थेट लक्ष फार तर अर्धा वेळ मिळते. त्यातील एक शिक्षक बैठकीसाठी पंचायत समितीत गेले, की चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतात. कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढ्याच अशैक्षणिक कामांना जुंपता येते. परंतु पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, तातडीने मागवलेले तक्ते आणि अहवाल यांत जाणारे तास कोणत्याही कलमात मोजले जात नाहीत. माझी समितीला आग्रहाची विनंती आहे की, ठराव मांडण्यापूर्वी एक महिनाभर एक साधी वही ठेवावी आणि प्रत्येक वर्गासमोर रोज किती वेळ शिक्षक प्रत्यक्ष उभे होते, एवढीच नोंद करावी. ही नोंद शिक्षकांवर पाळत ठेवण्यासाठी करू नये. ती शिक्षकांच्या सहकार्यानेच करावी, कारण ती त्यांच्याच बाजूचा पुरावा ठरणार आहे. महिन्याअखेरीस जे दिसेल त्यावरून आपल्या शाळेला वाढीव तास हवे आहेत की असलेले तास परत मिळवायचे आहेत, हे गावाला कळेल. तिसऱ्या शिक्षकाची मागणी करण्यासाठी पट ६० च्या वर जावा लागतो, म्हणून आपल्या शाळेपुरता तरी कागदपत्रांचा भार कमी करून घेणे हाच जवळचा मार्ग आहे.

तरीही आपली काळजी खरी आहे, हे मी मान्य करते. पाच ते सात या वेळेत मुलांकडे पाहणारे घरी कोणी नसते. ही गरज सांभाळाची आहे, अध्यापनाची नव्हे. दिवसभर शिकवून थकलेल्या त्याच दोन शिक्षकांवर ती टाकल्यास दुसऱ्या दिवशीच्या अध्यापनाची गुणवत्ता घसरेल. शाळेचे आवार, एक खोली, वाचनाची पुस्तके आणि मैदान मुख्याध्यापकांच्या संमतीने दीड तास उघडे ठेवता येईल. गावातील शिकलेल्या एक-दोन तरुण-तरुणींना ग्रामपंचायतीने मानधन देऊन तिथे नेमता येईल. एक गोष्ट मात्र विसरू नये. शालेय पोषण आहारातून प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळतील, असे एक वेळचे जेवण दिले जाते आणि ते दुपारी संपलेले असते. संध्याकाळी सहा वाजता भुकेलेल्या मुलाकडून शिस्तीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. म्हणून वाढीव वेळेबरोबर मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा उसळ यांची तरतूद ठरावातच लिहावी.

आपल्या पत्रात दीर्घकाळ चालणाऱ्या शाळांचा उल्लेख आहे. नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हिवाळी येथील जिल्हा परिषद शाळा वर्षाचे ३६५ दिवस, रोज सुमारे बारा तास चालते, म्हणून प्रसिद्ध झाली. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील कर्डेलवाडीची शाळाही अनेक वर्षे वर्षभर चालवली गेली. या दोन्ही शाळांचे यश खरे आहे आणि त्याचा मला आनंद आहे. मात्र तिथे वेळ आदेशाने वाढलेली नव्हती. शिक्षकांनी ती स्वेच्छेने दिली, पालकांनी साथ दिली आणि त्या वेळात करण्यासारखे भरपूर काही असल्यामुळे मुले शाळेत रमली. तोच दिनक्रम परिपत्रक काढून हजार शाळांवर लादला, तर उरेल तो फक्त मुलांचा कंटाळा. या राज्यात याच्या उलट दिशेचाही एक थोर प्रयोग झालेला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेच्या वेळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. ‘कुरणशाळा’ हे नाव त्यातून आले. मुलाचा दिवस कसा जातो हे आधी पाहायचे आणि मग शाळेचे तास ठरवायचे, हा क्रम आपल्या ठरावातही असावा, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी महानगरपालिकेच्या शाळेत सातवीच्या वर्गाला शिकवतो. वर्गात चाळीसहून अधिक मुले आहेत आणि त्यांतील पाच-सहा मुले रोज तास उधळून लावतात. छडी बंद झाली, अंगठे धरून उभे करणे बंद झाले, नापासाची भीतीही उरली नाही. काही पालक स्वतः येऊन सांगतात, ‘सर, मारा, पण शिकवा.’ अशा परिस्थितीत शिस्त कशाच्या बळावर ठेवायची? (एक शिक्षक, मुंबई)

उत्तर : आपल्या पत्रातील हताशा मला समजते आणि आपल्याला केवळ कायदा ऐकवून गप्प करण्याचा माझा हेतू नाही. तरीही कायद्याबद्दल संदिग्धता राहू नये, म्हणून तो आधी सांगते. शारीरिक शिक्षेला परवानगी देणारा दिल्ली शालेय शिक्षण नियमावलीतील नियम दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २००० मध्ये रद्द केला. त्यानंतर शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम १७ ने देशभरात शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आणि मनाई मोडणाऱ्यावर सेवाशर्तींनुसार शिस्तभंगाची कारवाई करण्याची तरतूद केली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने यावर दिलेल्या मार्गदर्शक सूचना प्रत्येक शिक्षकखोलीत असाव्यात, इतक्या त्या स्पष्ट आहेत. बाकावर उभे करणे, भिंतीला टेकून खुर्चीसारखे बसवणे, गुडघ्यांवर उभे करणे, वर्गात किंवा स्वच्छतागृहात डांबून ठेवणे हे सारे त्यांत शारीरिक शिक्षेच्या व्याख्येत येते. आणि मुलाची जात, आईवडिलांचा व्यवसाय किंवा त्याची परिस्थिती यांवरून बोलणे, टोपणनावाने हिणवणे हे मानसिक छळात येते. पालकाने ‘मारा’ म्हटल्याने यातील काहीही कायदेशीर ठरत नाही. ती संमती देण्याचा अधिकार पालकाला नाही, हे त्यांना शांतपणे सांगावे. नापासाविषयी मात्र आपल्या पत्रात थोडी दुरुस्ती करावी लागेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीत, पुनर्परीक्षेची संधी देऊन, विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली आहे आणि महाराष्ट्रात त्यानुसार या दोन वर्गांच्या परीक्षा सुरू झाल्या आहेत. त्या भीतीने सातवीतील मुले शांत बसू लागतील, असे मला वाटत नाही.

आता बळाचा प्रश्न. आपण ज्या पाच-सहा मुलांविषयी लिहिले आहे, त्यांच्यापैकी प्रत्येकाला स्वतंत्रपणे, इतरांच्या नजरेआड, दुसरी-तिसरीच्या पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद वाचायला द्यावा, असे मी सुचवते. मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी करणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतील सुमारे ४९ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. हे आकडे ग्रामीण भागाचे असले, तरी शहरातील पालिका शाळांतील शिक्षकांना ही स्थिती अनोळखी नाही. जे मूल पाचवीत वाचू शकत नव्हते, ते सातवीत आले म्हणून आपोआप वाचू लागत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायला सांगितला आणि त्याला अक्षरे जुळवता आली नाहीत, तर सगळ्या वर्गासमोर ‘ढ’ ठरण्यापेक्षा ‘वांड’ ठरणे त्याला परवडते. त्याचा दंगा हा पुष्कळदा त्याच्या अब्रूचा बचाव असतो. अशा मुलाला छडी मारून काही काळ गप्प करता येईल, पण वाचायला येत नाही हे मूळ दुखणे तसेच राहील आणि आठवीत ते अधिक चिघळेल. म्हणून शिस्तीचे पहिले साधन म्हणजे त्या मुलांना त्यांच्या पातळीवरून वाचन आणि गणित शिकवण्यासाठी रोज अर्धा-पाऊण तास राखून ठेवणे. तो वेळ शाळेच्या तासांतच काढावा. इतर मुले घरी गेल्यावर त्यांना थांबवले, तर तीही एक शिक्षाच होते.

सगळ्याच मुलांच्या बाबतीत हे कारण असेल, असा माझा दावा नाही. काही मुले घरची मारहाण, वडिलांचे व्यसन, पहाटेपासूनचे काम किंवा रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल घेऊन वर्गात येतात. त्यांच्यासाठी वर्गाचे नियम थोडे असावेत, वर्षाच्या सुरुवातीला मुलांशी बोलून ठरवलेले असावेत, भिंतीवर लिहिलेले असावेत आणि ते मोडल्यास काय होईल हेही आधीच ठाऊक असावे. जे होईल ते कृत्याशी जोडलेले असावे. बाकावर रेघोट्या ओढणाऱ्याने बाक पुसावा, दुसऱ्याची वही फाडणाऱ्याने ती पुन्हा लिहून द्यावी, वाद घालणाऱ्याने तास संपल्यावर दोन मिनिटे आपल्याजवळ येऊन बोलावे. ही माफक शिक्षा प्रत्येक वेळी आणि प्रत्येकाला सारखीच लागू झाली, तर ती कडक शिक्षेपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. कारण मुलांना सर्वांत जास्त चीड पक्षपाताची येते. पालकांना बोलावण्यापूर्वी एकदा तरी त्या मुलाची चांगली गोष्ट सांगण्यासाठी त्यांना फोन करावा. ज्या घरात शाळेचा फोन म्हणजे तक्रारच असते, त्या घरात मुलाला त्या रात्री मार बसतो आणि तो राग दुसऱ्या दिवशी आपल्या वर्गात येतो.

मोठ्या वर्गात एकट्याने हे सारे शक्य नाही, हेही खरे. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातील जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक पातळीवरील उत्कृष्ट शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा सन्मान मिळाला. तिथे मुलांनीच एकमेकांना शिकवण्याच्या ‘विषयमित्र’ पद्धतीची बरीच चर्चा झाली. आपल्या वर्गातील दंगेखोर मुलांपैकी एखादा क्रिकेटमध्ये, चित्रकलेत किंवा पैशांच्या तोंडी हिशेबात हुशार असेलच. त्याला त्या विषयापुरती तरी शिकवणाऱ्याची जागा द्यावी. सहावी ते आठवीचा पट शंभरावर असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, असे कायद्याचे परिशिष्ट सांगते. आपल्या शाळेत ते नसतील, तर त्यांची मागणी लेखी करावी. खेळाचा तास काढून तिथे गणित घालणे आणि मग मुले वर्गात स्वस्थ बसत नाहीत म्हणून तक्रार करणे, हे शाळांनी थांबवले पाहिजे.

प्रश्न : आमच्या शाळेत उशिरा येणाऱ्या मुलांसाठी परिपाठानंतर फाटक बंद करण्याची आणि वारंवार बेशिस्त वर्तन करणाऱ्याच्या पालकांना ‘दाखला घेऊन जा’ असे सांगण्याची प्रथा आहे. नवे केंद्रप्रमुख यास हरकत घेतात. प्रथा चालू ठेवता येईल का? (एक मुख्याध्यापक, जिल्हा सोलापूर)

उत्तर : नाही. केंद्रप्रमुखांची हरकत योग्य आहे. प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचे शिक्षण, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही बालकाला शाळेतून काढून टाकता येत नाही, असे शिक्षण हक्क अधिनियमाचे कलम १६ सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने वर्गात मागे ठेवण्याची मुभा दिली, काढून टाकण्याची नव्हे. दाखला पालकाने स्वतः मागितला, तर तो विनाविलंब द्यावा लागतो, पण तो मागायला लावणे म्हणजे मुलाला काढून टाकण्यासारखेच आहे. फाटकाबाहेर राहिलेल्या मुलाचे काय होते, याची जबाबदारीही शाळेवरच येते. रस्त्यावर उभ्या असलेल्या आठ वर्षांच्या मुलीला काही झाले, तर ‘ती उशिरा आली होती’ हे उत्तर कोणीही स्वीकारणार नाही आणि स्वीकारूही नये. मुलाला आत घ्यावे, उशिराची नोंद करावी आणि तीच तीच नावे येऊ लागली की घरी जाऊन कारण पाहावे. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात आईवडील ऊसतोडीला गेलेले असणे, धाकटे भावंड सांभाळावे लागणे किंवा पाणी भरण्याची पाळी असणे ही कारणे हमखास निघतात. पालक स्थलांतरित झाले असतील, तर त्या मुलासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव देणे हे मुख्याध्यापक म्हणून आपल्या हातात आहे.

प्रश्न : परदेशांत मुले संध्याकाळपर्यंत शाळेत असतात आणि म्हणून ती पुढे जातात, असे सांगितले जाते. सार्वजनिक शाळांचा दिवस वाढवण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतून प्रत्यक्षात काय निष्पन्न झाले? (एक निवृत्त प्राध्यापक, पुणे)

उत्तर : या विषयात सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण चिलीचे आहे. त्या देशाने १९९७ मध्ये पूर्ण दिवसाच्या शाळेचा कायदा केला आणि तिसरी ते आठवीचे आठवड्याचे तास ३० वरून ३८, तर माध्यमिकचे ४२ पर्यंत नेले. तिथे अनेक शाळा आपल्या मुंबई-पुण्यातील शाळांप्रमाणे दोन सत्रांत भरत होत्या. एकच इमारत सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या शाळेची होती. दिवस वाढवायचा तर दोन सत्रे एकत्र आणावी लागली आणि त्यासाठी नव्या वर्गखोल्या बांधाव्या लागल्या, जेवणाची सोय वाढवावी लागली. संक्रमण पुरे व्हायला म्हणूनच वर्षानुवर्षे लागली. अभ्यासातील प्रगतीवर त्याचा परिणाम झाला, परंतु तो खर्चाच्या मानाने माफक होता, असे बहुतेक अभ्यासकांचे म्हणणे आहे. दुसरा परिणाम मात्र मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्या भागांत पूर्ण दिवसाच्या शाळा वाढल्या, तिथे किशोरवयीन मातृत्वाचे आणि अल्पवयीनांच्या गुन्ह्यांचे प्रमाण कमी झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. अहिल्यानगरच्या पालकांची काळजी निराधार नाही, असे मी वर लिहिले ते यामुळेच.

अमेरिकेतील शिकागो शहरात २०१२ मध्ये प्राथमिक शाळांचा दिवस पावणेसहा तासांवरून सात तासांवर नेण्यात आला. वाढलेले तास कोण शिकवणार आणि त्याचा मोबदला काय, यावरून आधी मोठा तंटा झाला; मग संगीत, कला, शारीरिक शिक्षण अशा विषयांसाठी जवळपास पाचशे शिक्षक नेमण्याचे ठरले, तेव्हा कुठे तो प्रश्न मार्गी लागला. त्याच सप्टेंबरात वेतन, शिक्षकांचे मूल्यमापन आणि इतर मागण्यांसाठी झालेल्या संपात शाळेचे सात दिवस बुडाले. जर्मनीचा मार्ग वेगळा आहे. तिथे शाळा परंपरेने दुपारी सुटत असत. आता ऑगस्ट २०२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने प्राथमिकच्या मुलांना दिवसाला आठ तासांच्या शिक्षण व सांभाळाचा कायदेशीर हक्क मिळणार आहे. त्यात सांभाळ हा भाग उघडपणे मान्य केलेला आहे आणि नोकरी करणाऱ्या आईचा विचार केंद्रस्थानी आहे. मुलाने तो घ्यायचा की नाही, हे कुटुंब ठरवते. मला हा प्रामाणिकपणा अनुकरणीय वाटतो.

आपल्या देशात केरळने जून २०२५ पासून आठवी ते दहावीच्या वर्गांची वेळ शुक्रवार सोडून रोज अर्ध्या तासाने वाढवली; सकाळी पंधरा मिनिटे आधी आणि संध्याकाळी पंधरा मिनिटे उशिरा. वर्षाला ११०० तास भरावेत, हा हेतू होता. एवढ्याशा बदलालाही विरोध झाला, कारण सकाळी मदरशात जाणाऱ्या मुलांचे वर्ग त्यामुळे अडचणीत येत होते. शाळेबाहेरचा मुलांचा वेळ सरकारला रिकामा वाटतो, पण घरोघरी तो कशासाठी तरी राखलेला असतो. कुठे धर्मशिक्षण, कुठे भजन-कीर्तन, कुठे आखाडा, कुठे दुकानावरची मदत. यांतील काय सोडायचे आणि काय राखायचे, हे पालकांशी बोलल्याशिवाय ठरवू नये. महाराष्ट्रात दिवस वाढवण्याची योजना कधी आलीच, तर दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांना इमारती, प्रत्येक शाळेला वाढीव आहार आणि खेळ-कला-वाचनासाठी वेगळी माणसे या तीन गोष्टींचा खर्च आधी अर्थसंकल्पात दिसला पाहिजे. तो नसेल, तर मी त्या योजनेला विरोध करीन.

प्रश्न : माझी मुलगी गावापासून नऊ किलोमीटरवरच्या शाळेत दहावीत शिकते. शाळा सुटल्यावर साडेसहापर्यंत जादा तास सक्तीचे केले आहेत, पण आमच्या गावची शेवटची एस.टी. साडेपाचला निघते. जादा तास बुडवणाऱ्या मुलींना दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर उभे करतात. मी मुलीला शाळेतून काढावे, असे तिचे वडील म्हणतात. काय करावे? (एक माता, जिल्हा यवतमाळ)

उत्तर : ताई, शाळा सोडण्याचा विचार कृपया पूर्णपणे बाजूला ठेवा. दहावीच्या वर्षात मुलगी एकदा घरी बसली, की तिच्या लग्नाची बोलणी सुरू व्हायला वेळ लागत नाही, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही.

बस चुकू नये म्हणून वेळेवर निघणाऱ्या मुलीची गणना बेशिस्तीत करणे सर्वथा चुकीचे आहे आणि तिला वर्गाबाहेर उभे करणे त्याहून चुकीचे. जादा तास हा शाळेच्या नियमित वेळापत्रकाचा भाग नसतो. ज्या विद्यार्थिनींना तो गाठणे अशक्य आहे, त्यांच्यासाठी पर्याय देणे शाळेचे कर्तव्य आहे. तोच तास सकाळी शाळा भरण्यापूर्वी, म्हणजे गावाकडून येणारी पहिली बस पोहोचल्यानंतर घेता येतो, किंवा आठवड्यातील दोन दिवस शेवटच्या तासिकांची अदलाबदल करून नियमित वेळेत बसवता येतो. आपल्या गावातील आणि वाटेवरच्या इतर गावांतील मुलींच्या आयांना सोबत घ्या आणि सर्वांच्या सह्यांचा एकच अर्ज मुख्याध्यापकांना द्या. एकट्या मुलीच्या नावाने अर्ज दिल्यास तिच्यावर राग धरला जाण्याची भीती असते.

दुसरा अर्ज एस.टी.च्या आगार व्यवस्थापकांना द्यावा. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, तो आपल्या मुलीकडे असेलच. त्याशिवाय राज्यातील १२५ तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींच्या ने-आणीसाठी निळ्या बसगाड्या दिल्या आहेत आणि त्यांचे वेळापत्रक शाळांच्या वेळेनुसार ठेवणे अपेक्षित आहे. आपला तालुका त्यांत आहे का, हे तहसील किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात कळेल. असल्यास परीक्षेच्या महिन्यांपुरती संध्याकाळची एक फेरी उशिरा सोडण्याची मागणी मुख्याध्यापकांच्या पत्रासह करावी; शाळेचे पत्र जोडलेले असले, की आगारात त्याची दखल लवकर घेतली जाते. तोपर्यंत मुलीला साडेपाचच्या बसनेच घरी येऊ द्यावे आणि बुडालेल्या तासात काय शिकवले, त्याची वही मैत्रिणीकडून दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत उतरवून घ्यायला सांगावे. वर्गाबाहेर उभे करणे पुन्हा घडल्यास शाळेच्या तक्रारपेटीत किंवा थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तारखेसह लेखी कळवावे आणि प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेऊन ती स्वतःजवळ ठेवावी.